ऑटोकॅड अडतं कुठे?

शंकेखोर : ऑटोकॅड संथ चालतंय म्हटलं की यवतमाळपासून वणीपर्यंत कुठल्याही ड्राफ्टिंगच्या टेबलावर दोनच उत्तरं तयार असतात. रॅम वाढवा, नाहीतर नवा पीसी घ्या. ही उत्तरं देणारे काही अडाणी नाहीत. घरांचे प्लॅन, एन.ए. ले-आउट, शाळेच्या वर्गखोल्या, नाल्यावरचे बंधारे काढून ज्याचं घर चालतं, त्याला फाइलचं शवविच्छेदन करत बसायला सवड नसते. प्लॅन दिला की पैसे मिळतात. फाइल का अडली हे शोधून काढल्याबद्दल आजवर कुणी कुणाला छदाम दिलेला नाही. नव्या यंत्राचा खर्च निदान आधी कळतो, हप्त्याने फेडता येतो, आणि दुकानदार येऊन बसवूनही देतो. शोधाचा खर्च मात्र आधी सांगता येत नाही. तासात कारण सापडेल किंवा अख्खा दिवस जाऊन सापडणार नाही. अशा व्यवहारात शहाणा माणूस यंत्रच घेईल. त्याला दोष देण्याआधी त्याचा हा हिशेब चुकीचा आहे, हे तुम्हाला दाखवावं लागेल.

आग्रही : दाखवतो. कपाशीवर अळी कोणती हे न पाहता दुकानदाराने हातात दिलेली बाटली फवारावी, तसा हा हिशेब आहे. खर्च आधी कळला म्हणून तो योग्य जागी झाला असं होत नाही. ‘संथ’ हा एकच शब्द आपण चार वेगळ्या तक्रारींसाठी वापरतो. फाइल उघडायलाच वेळ लागतो, ही एक. उघडल्यावर झूम आणि पॅन करताना चित्र झटके देतं, ही दुसरी. कॉपी, ट्रिम किंवा हॅच दिला की कर्सर थिजतो, ही तिसरी. आणि सेव्ह किंवा प्लॉट म्हटलं की सगळंच लटकतं, ही चौथी. चौघींचे पत्ते वेगळे आहेत. प्लॉटची खिडकी उघडायला मिनिट लागत असेल, तर बहुधा त्या ड्रॉइंगच्या पेज सेटअपमध्ये दुसऱ्याच कुठल्यातरी ऑफिसच्या नेटवर्क प्रिंटरचं नाव बसलेलं असतं आणि ऑटोकॅड त्या नसलेल्या प्रिंटरला हाका मारत राहतं. तिथे ६४ जीबी रॅम घालूनही तो प्रिंटर ‘ओ’ देणार नाही. तिसऱ्या तक्रारीत टास्क मॅनेजर उघडून पाहा. आठ लॉजिकल कोअरचं यंत्र असेल तर सीपीयूचा आकडा १२-१३ टक्क्यांवर दिसेल. बघणारा म्हणतो, यंत्र तर रिकामंच बसलंय. पण १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा. एक कोअर जिवाच्या आकांताने धावतोय आणि बाकीचे सात गप्प बसलेत, असा त्या आकड्याचा अर्थ आहे. ऑटोकॅडची बहुतेक कामं एका वेळी एकाच कोअरवर चालतात. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ मध्येच अशा कामाची मर्यादा मांडली होती. कामाचा ८० टक्के भाग एकामागून एकच होणारा असेल, तर कोअर कितीही लावा, एकूण वेग सव्वापटीच्या वर जात नाही. जास्त कोअरच्या मोहाने घेतलेला महागडा पीसी निराश करतो तो म्हणूनच.

शंकेखोर : म्हणजे शेवटी तुम्हीही यंत्रावरच आलात. जास्त कोअर घेऊ नका, एक कोअर वेगवान असलेलं घ्या, एवढंच. आणि मुळात हा दोष ड्राफ्ट्समनच्या गळ्यात का घालता? आयव्हन सदरलंड यांनी १९६३ मध्ये स्केचपॅडवर पडद्यावर रेघा ओढून दाखवल्या. ऑटोकॅड बाजारात आलं डिसेंबर १९८२ मध्ये. चाळीस वर्षं उलटून गेली, तरी आठ कोअर असताना एकावरच ओझं टाकणारं सॉफ्टवेअर विकलं जातं आणि वर दरवर्षी वर्गणी घेतली जाते. संगणकशास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी १९९५ मध्ये सडपातळ सॉफ्टवेअरसाठी लेख लिहून बजावलं होतं की यंत्रं जितक्या वेगाने वेगवान होतात, त्याहून वेगाने सॉफ्टवेअर जड होत जातं. कर्सर वस्तूवरून नुसता फिरला की ती उजळावी, तिच्यापाशी माहितीची चौकट उमटावी, आकडे कर्सरसोबत चालावेत, हे कुणी मागितलं होतं? हे सगळं बंद केलं की जुना लॅपटॉपही जरा श्वास घेतो. म्हणजे खोट त्याच्यात नव्हतीच. शिवाय आपल्या हवेचं काय? मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास, पंख्याच्या जाळीत धूळ, जिनिंगच्या आसपास ऑफिस असेल तर रुईचे तंतूही. प्रोसेसर १०० अंशांच्या जवळ गेला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. त्यात वीज गेली आणि लॅपटॉप बॅटरीवर आला की तो आणखी हात आखडता घेतो. कॅलिफोर्नियात बसून लिहिलेल्या सल्ल्यांत ही दुपार कुठेच नसते.

आग्रही : दुपारचा मुद्दा मान्य, आणि तो माझ्याच बाजूचा आहे. एकच फाइल सकाळी आठला नीट चालते आणि दुपारी तीनला रखडते, एवढं निरीक्षण केलं तर कारण उष्णता आहे हे फुकटात कळतं. दोन्ही वेळा सारखीच रखडत असेल तर उष्णतेला सोडून द्या. सॉफ्टवेअर कंपनीवरचा राग मात्र अर्धाच बरोबर आहे. ड्रॉइंगमधलं काम वाटून देणं कठीण असतं, कारण एका रेघेचं टोक दुसरीला टेकलेलं, हॅच त्या दोघींवर अवलंबून, माप हॅचच्या कडेवर. आधीचं ठरल्याशिवाय पुढचं ठरत नाही. आणि वेगवान कोअर घ्या म्हणाल, तर तिथेही बाजाराच्या हातात फार काही उरलेलं नाही. २००४ मध्ये इंटेलने चार गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ आणण्याचा बेत रद्द केला, तेव्हापासून घड्याळाचा वेग पूर्वीसारखा दुपटी-चौपटीने वाढणं थांबलं. पाच वर्षांपूर्वीचं बरं यंत्र बदलून नवं आणलं तर एका कोअरमागे मिळणारा फायदा दीडपट-दुप्पट धरा. पण फाइलमधला कचरा उघडण्याचा वेळ दहापट वाढवू शकतो. म्हणून खिशात हात घालण्याआधी दोन अदलाबदली करा. हीच फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडा, आणि याच यंत्रावर कोरी फाइल घेऊन काम करा. कोरी फाइल धावते आणि जुनी दोन्हीकडे लंगडते, तर पीसी निर्दोष सुटला. मग अर्धी फाइल नव्या ड्रॉइंगमध्ये न्या. अर्धी धावली तर रोग उरलेल्या अर्ध्यात. पुन्हा तिचे दोन भाग करा. सात-आठ वेळा असं केलं की हजार वस्तूंमधून मोजक्या चार-पाच हाती लागतात. यासाठी कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही.

शंकेखोर : आणि त्या चार-पाच वस्तूंत सापडतं काय? सांगा जरा.

आग्रही : बहुधा तुम्ही न काढलेलंच सापडतं. आपल्याकडे कोरी फाइल कुणी सुरू करतं का? आधीच्या प्लॅनची कॉपी मारायची, मालकाचं नाव बदलायचं, गट नंबर बदलायचा, दारं-खिडक्या सरकवायच्या. प्रत्येक कॉपी-पेस्टबरोबर आधीच्या सगळ्या फाइलींचं बिऱ्हाड येतं. ऑटोकॅडला जोडलेल्या दुसऱ्या प्रोग्रामांच्या नोंदी, ज्यांना रेगअ‍ॅप म्हणतात, ब्लॉकला चिकटून येतात आणि हजारोंनी साठतात. पडद्यावर त्यांची एक रेघही दिसत नाही. पर्जच्या नेहमीच्या खिडकीत त्या कितीतरी वर्षं दिसतच नव्हत्या. आधी आडवी रेघ देऊन ‘-पर्ज’ टाइप करायचं आणि त्यातला रेगअ‍ॅप हा पर्याय निवडायचा, तेव्हा त्या जात. स्केलच्या यादीचं तसंच. एक्सरेफ, म्हणजे बाहेरच्या फाइली, जोडत गेलं की एकाच स्केलच्या पंचवीस पिल्लावळी होतात. सगळ्यांत चिवट म्हणजे मायक्रोस्टेशनच्या डीजीएन फाइलींतून आलेल्या लाइनटाइप. रस्त्याच्या कामाचा सल्लागार डीजीएन देतो, आपण त्यातली मध्यरेषा तेवढी उचलतो, आणि तिच्यामागून अदृश्य नोंदींचं शेपूट येतं. चार भिंतींच्या प्लॅनची फाइल काही एमबींची होऊन बसते. हा उपद्रव इतका पसरला होता की ऑटोकॅड बनवणाऱ्या ऑटोडेस्कला त्यासाठी वेगळं सफाईचं साधन काढावं लागलं. या नोंदींच्या जोडीला एकावर एक तीन वेळा ओढलेल्या रेघा, पीडीएफमधून आणलेला मजकूर, ज्यात एकेक अक्षर म्हणजे दहा-बारा सुट्या रेघा. ऑडिट, पर्ज, ओव्हरकिल, या क्रमाने अर्धा तास दिला तर यातलं पुष्कळसं निघून जातं.

शंकेखोर : पर्जला तुम्ही तीर्थ समजू नका. ज्या लेयरवर आज काही नाही, जो ब्लॉक आज कुठे वापरलेला नाही, ते पर्ज उडवतं. उद्या लागणार आहे का, ते त्याला माहीत नसतं. आणि आता लेयरची नावं आपल्या मर्जीची राहिलेली नाहीत. डिसेंबर २०२० मध्ये राज्यात एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली. ऑनलाइन परवानगीत ड्रॉइंग तपासायला पुण्याच्या सॉफ्टटेकच्या ऑटोडीसीआरसारखी प्रणाली असते, ती माणसासारखं चित्र पाहून समजून घेत नाही, ठरलेल्या नावाच्या लेयरवर ठरलेली वस्तू शोधते. भूखंडाची हद्द अमुक लेयरवर, पार्किंग तमुक लेयरवर. पर्जने रिकामा म्हणून लेयर उडवला, घाईत दुसऱ्याच नावाने पुन्हा केला, तर फाइल धावेल पण प्रस्ताव परत येईल. दुसरं असं की सगळंच जडपण म्हणजे कचरा नव्हे. ड्रोनने केलेल्या मोजणीचं चित्र, अर्ध्या मीटरला एक अशा कंटूर, त्यातल्या प्रत्येक पॉलीलाइनवर हजारो बिंदू. हा खरा माल आहे. बेंबळेच्या कालव्याची वितरिका आखणारा माणूस कंटूर पातळ करून मोकळा झाला, तर पाणी चढावर न्यायचं का? तुमची सफाई दोन खोल्यांच्या प्लॅनला लागू पडते. जिथे काम मोठं, तिथे जमिनीचीच माहिती जड असते.

आग्रही : खऱ्या मालाला हात लावू नये, हे शंभर टक्के. पण तो माल फाइलमध्ये कुठे ठेवलाय हाही प्रश्न आहे, आणि तो आपल्या यवतमाळ जिल्ह्यात इतरांपेक्षा जास्त टोचतो. टोटल स्टेशनवर काम होतं तेव्हा सर्व्हेअर आपल्या सोयीने पहिल्या बिंदूला हजार-हजार असे अंक द्यायचा. आता उपग्रहांवरून बिंदू घेणारे रोव्हर आले, भूमी अभिलेखच्या मोजणीतही आले, आणि बिंदू यूटीएमच्या अंकांत येऊ लागले. त्या पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे केलेले आहेत. ४३ वा पट्टा ७८ अंश पूर्व रेखावृत्तापाशी संपतो, तिथूनच ४४ वा सुरू होतो. हे रेखावृत्त जातं यवतमाळ शहराच्या पश्चिमेला काही किलोमीटरवरून. म्हणजे दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड ४३ मध्ये आणि यवतमाळ, कळंब, राळेगाव, पांढरकवडा, वणी ४४ मध्ये. जिल्हा एक, जिल्हाधिकारी एक, पट्टे मात्र दोन. या रेषेवरचा एकच दगड ४३ च्या अंकांत घेतला तर त्याचा पूर्वेचा अंक सुमारे ८ लाख १३ हजार मीटर येतो, ४४ च्या अंकांत घेतला तर सुमारे १ लाख ८७ हजार. आता वर्धा–यवतमाळ–नांदेड रेल्वेमार्गासारखं काम घ्या, जे यवतमाळहून दारव्ह्याकडे जाताना ही रेषा ओलांडतंच. समजा एका तुकड्याची मोजणी एका पट्ट्यात, शेजारच्या तुकड्याची दुसऱ्या पट्ट्यात आली आणि कुणीतरी दोन्ही एका ड्रॉइंगमध्ये ओतल्या. प्रत्यक्षात एकमेकांना चिकटलेले तुकडे पडद्यावर सव्वासहाशे किलोमीटर लांब पडतील. झूम एक्स्टेंट्स दिलं की दोन ठिपके, मध्ये काळोख. लोक म्हणतील, फाइल बिघडली.

हे झालं टोकाचं उदाहरण. रोजचं याहून साधं आहे. यवतमाळचा उत्तरेचा अंक साडेबावीस लाख मीटरच्या पुढे येतो. आर्किटेक्ट मिलिमीटरमध्ये काम करतो, तिथे तो सव्वादोन अब्ज होतो. ऑटोकॅड फाइलमध्ये पंधरा-सोळा अंकांपर्यंत अचूकता ठेवतं, तिथे काही सांडत नाही. पण पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक कार्ड साधारण सात अंकांच्या अचूकतेने काम करतं. साडेबावीस लाखांच्या घरात त्या सात अंकांतली सर्वांत लहान पायरी पाव मीटरची, म्हणजे जवळजवळ दहा इंचांची होते. नऊ इंची भिंत त्या पायरीहून बारीक. सॉफ्टवेअर ही तफावत झाकायला आतल्या आत बरीच कसरत करतं, पण जिथे ती पुरी पडत नाही तिथे रेघा थरथरतात, हॅच भरायला उशीर लावतो किंवा भोकं ठेवतो, कारण हॅचच्या नक्षीची सुरुवात शून्य-शून्यला धरलेली असते आणि भिंत दोन हजार किलोमीटर उत्तरेला. ड्राफ्ट्समन नवं ग्राफिक कार्ड आणतो. ते कार्डही सातच अंकांचं.

शंकेखोर : हे मात्र मी गंभीरपणे घेतो. पण तुमच्याच उत्तरातून मोठा धोका निघतो, तो पाहा. यावर सगळ्यांना सुचणारा उपाय कोणता? सगळं निवडायचं, उचलायचं आणि शून्यापाशी आणून ठेवायचं. मिनिटभराचं काम, फाइल हलकी. आणि त्या मिनिटात त्या ड्रॉइंगचा जमिनीशी संबंध तुटला. उद्या शेजारचा म्हणेल धुरा माझ्याकडे सरकला, तेव्हा तुमच्या ले-आउटमधला दगड जमिनीवर नेमका कुठे, हे त्या वेगवान फाइलमधून सांगता येणार नाही. आपल्याकडे हातभर धुऱ्यासाठी दोन पिढ्या कोर्टात गेलेल्या आहेत, राजेहो. संथ फाइल खरं बोलत होती, चपळ फाइल बोलत नाही. मग आपण वेग कशाच्या बदल्यात विकत घेतोय? म्हणून मला वाटतं की काही संथपणा सोसावा. सोसणाऱ्याला त्याचं कारण ठाऊक असलं म्हणजे झालं.

आग्रही : कारण ठाऊक असलं म्हणजे झालं, इथवर तुम्ही आलात हेही थोडकं नाही. पण सोसणं आणि उपटून आणणं यांच्यामध्ये जागा आहे. मोजणीची फाइल तिच्या अंकांत जशीच्या तशी राहू द्यावी, तिला कुणी हात लावू नये. इमारतीचं ड्रॉइंग वेगळ्या फाइलमध्ये, शून्यापाशी. दोघांमधलं नातं एका ठरलेल्या बिंदूने आणि एका कोनाने लिहून ठेवायचं. हद्दीचा अमुक कोपरा म्हणजे मोजणीतले अमुक अंक, पट्टा ४४, एकक मीटर. प्लॅन करताना मोजणीची फाइल त्या हिशेबाने एक्सरेफ करून घ्यायची, काम झालं की उतरवायची. अनेकजण यूसीएस, म्हणजे अक्षांची मांडणी, बदलून समाधान मानतात. त्याने खाली दिसणारे आकडे लहान होतात, भिंत आहे तिथेच राहते, दोन हजार किलोमीटरवर. दोन फाइली आणि एक लिहिलेली ओळ, याला पर्याय नाही.

शंकेखोर : ती ओळ कोण लिहिणार, यावरच माझी सगळी शंका उभी आहे. फाइल सर्व्हेअरकडून आर्किटेक्टकडे जाते, तिथून स्ट्रक्चरवाल्याकडे, मग नगरपरिषदेत, पुढे कंत्राटदाराकडे. प्रत्येकजण आपल्यापुरतं काम करून पुढे ढकलतो. कचरा करणारा आणि त्याने अडणारा हे एकाच टेबलावर बसत नाहीत. ज्याची फाइल अडते तो बहुतेक वेळा साखळीतला सर्वांत स्वस्त माणूस असतो, आयटीआयचा ड्राफ्ट्समनचा ट्रेड करून बाहेर पडलेला मुलगा, प्लॅनमागे ठरलेल्या पैशांवर बसलेला. तुमचा अर्धा तास त्याच्या खिशातून जातो. तो नवा पीसी मागतो तेव्हा तो चुकत असेल, पण त्या साखळीत त्याला मागता येण्यासारखी तेवढी एकच गोष्ट असते. ‘फाइल साफ करून द्या’ असं तो आर्किटेक्टला म्हणू शकत नाही. तेव्हा तुमची पद्धत खरी असूनही वापरात येणार नाही, आणि तो दोष त्या मुलाच्या आळसाचा नसेल.

आग्रही : हे मी नाकारत नाही. इथवर आपण यंत्र की फाइल असं भांडत होतो, आता प्रश्न फाइल कुणाची असा झाला, आणि त्याचं उत्तर माझ्या कुठल्याच कमांडमध्ये नाही. पण एक पाहा. लेयरची नावं कुणी आपणहून शिकलं नव्हतं. प्रस्ताव परत येऊ लागले तेव्हा शिकले. म्हणजे साखळीच्या शेवटी कुणी अट घातली तर ती मागे सर्व्हेअरपर्यंत पोचते. जी प्रणाली लेयर तपासते तिला एकक, पट्टा आणि रेगअ‍ॅपची संख्या तपासणं जड नाही. आयटीआयच्या आणि तंत्रनिकेतनच्या मुलांना परीक्षेत कोऱ्या पानावर दोन खोल्या काढायला सांगण्याऐवजी एकदा चाळीस एमबीची आजारी फाइल द्या आणि म्हणा, ही का अडते ते शोध. नोकरीत पहिल्या दिवशी त्याच्यापुढे येणार आहे ती तशीच.

शंकेखोर : परीक्षेचं पटलं. अटीचं अर्धंच पटलं. अट आली की लोक सादर करायची फाइल तेवढी स्वच्छ करतील आणि कामाची फाइल होती तशीच ठेवतील. लेयरच्या बाबतीत तसं होऊ शकतं, तर इथे का होणार नाही? आणि पट्ट्याचा आकडा लिहिणारा चुकीचा आकडा लिहील, त्याला तपासणार कोण?

आग्रही : चुकीचा आकडा निदान पकडता तरी येतो, सव्वासहाशे किलोमीटर लांब पडतो तो. न लिहिलेला पकडता येत नाही. अटीची वाट न पाहता एवढं आजच करा : फाइल दुरुस्तीला लागलेला वेळ बिलात वेगळ्या ओळीवर लिहा, आणि फाइल आली कुठून तेही.

शंकेखोर : लिहितो. पहिल्या बिलात ती ओळ खोडली जाईल, हेही आताच सांगून ठेवतो.